उताणी छत्री

पावसाचा पत्ता नाही, ऊन नुकतंच टेकडीवर चढायला लागलंय, आणि वाटेच्या कडेला एक बाई छत्री उताणी धरून उभ्या आहेत. डाव्या हातात छत्रीची मूठ, उजव्या हातात स्वयंपाकघरातलं लाटणं. समोरच्या वाळक्या फांदीवर त्या लाटण्याने हलकेच टकटक करतात, कुणाचं तरी दार वाजवावं तशी, आणि मग वाकून छत्रीत काय पडलं ते बघतात.

तुमच्यापैकी जे कोथरूडच्या बाजूने टेकडी चढतात, त्यांनी हे बघितलं असेल. निदान बघितल्यासारखं वाटलं असेल. हा फरक मी उगाच करत नाही. ती सवय ह्या बाईंनी, म्हणजे आमच्या मॅडमनी, मला लावून दिलेली आहे आणि आता सुटत नाही.

एकदा फिरायला आलेले एक आजोबा त्यांच्याजवळ थांबले. म्हणाले, "बाई, पाऊस नाहीये. आणि छत्री उलटी धरलीये तुम्ही."

"आज खालून येणार आहे म्हणे," मॅडम छत्रीतून मान वर न काढता म्हणाल्या.

मॅडम आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेले होते, मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी तिसऱ्या मजल्यावर. खराडीच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नोकरी, आणि सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी कसा झालो ते विचारू नका. निवडणुकीच्या सभेला मी सगळ्यांत उशिरा पोचलो, एवढीच माझी पात्रता.

मॅडमचा जीव भुंगेऱ्यांवर होता. त्यातही फुलांवर बसणारे देखणे, चकचकीत भुंगेरे नव्हेत. मेलेल्या लाकडाला पावसाळ्यात बुरशीचे टणक कान फुटतात, ते तुम्ही पाहिले असतील. ते कान खाऊन जगणारे, तिळाएवढे, मातकट रंगाचे भुंगेरे. असे प्राणी जगात आहेत हेच मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं.

"लाकूड मेलं की बुरशी ते खाते," जिन्याखाली गाठून त्यांनी मला सांगितलं होतं. "बुरशीला हे खातात."

"आणि ह्यांना कोण खातं?"

"तो पुढचा धडा. तुमचा पहिलाच अजून कच्चा आहे."

तो आजही कच्चाच आहे. मी म्हणायचो किडा, त्या म्हणायच्या भुंगेरा. मी म्हणायचो काळा, त्या म्हणायच्या उन्हात धरा. उन्हात धरला की तो तपकिरी निघायचा आणि वर पिवळट ठिपके दिसायला लागायचे. मग मी दुसरा उचलून आत्मविश्वासाने तपकिरी म्हणावं, तर तो काळा निघायचा. मी काहीही म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "बघितलंत, की वाटलं?"

हा प्रश्न फक्त भुंगेऱ्यांपुरता नव्हता. टाकीतलं पाणी संपलंय म्हटलं, की "बघितलंत, की वाटलं?" मी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावायचो. दुपारी वॉचमन झोपतो अशी तक्रार मी त्यांच्यासमोर केली, तेव्हाही तेच. बघायला गेलो, तर वॉचमन डोळे मिटून मोबाइलवर कीर्तन ऐकत होता. हळूहळू मला स्वतःच्या कुठल्याच वाक्याचा भरवसा वाटेनासा झाला. कंपनीत साहेबांनी ताळेबंद जुळला का विचारलं, तर "जुळलाय असं वाटतंय" म्हणून गेलो. साहेबांना ते आवडलं नाही.

आमच्या आवारात एक आंबा होता. सोसायटी उभी आहे ती जमीन मुळात आमच्या अध्यक्षांच्या घरची. कोथरूड गाव होतं तेव्हापासूनचे ते इथले, आणि आंबा त्यांच्या आजोबांनी लावलेला. गेल्या काही वर्षांत तो आतून वाळत गेला. रीतसर परवानगी काढून फांद्या उतरवल्या. खोड मात्र पुरुषभर उंचीचं तसंच राहिलं, कारण तोडणाऱ्याची करवत बिघडली आणि तो दुसरी आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. पावसाळ्यात त्या खोडाला बुरशीचे कान फुटले. मॅडमनी टेकडीवर जाणं सोडलं आणि त्यांची छत्री पार्किंगमध्ये उघडायला लागली. घरबसल्या सोय झाली म्हणून त्यांनी टेकडी सोडली, असं मी धरून चाललो. धरून चाललो म्हणजे मला वाटलं. बघितलं नव्हतं.

सभेत विषय निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नुकतंच घराचं सगळं फर्निचर नवीन केलेलं. खोडातले किडे वर येऊन कपाटं खातील ही त्यांची भीती. शिवाय खोड काढलं तर एक गाडी मावत होती. अध्यक्षांना गाडीचं फारसं नव्हतं, त्यांचं दुखणं वेगळं होतं.

"माझ्या आज्यानं लावल्यालं झाड हाय ते," ते म्हणाले. "मेल्यालं झाड दारात कशाला ठेवायचं? येता-जाता बघवत न्हाय मला."

"मेलेलं कुठे आहे?" मॅडम म्हणाल्या. "भाड्याने दिलंय."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते मॅडमकडे वळून म्हणाले, "म्याडम, तुम्ही शिकल्याल्या हाय. ह्ये किडं लाकूड खातंय का न्हाय, तेवढं नक्की सांगा. खात नसंल तर राहू द्या खोड. खात असंल तर दसरा झाला की काढायचं."

"सांगते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं काहीतरी ऐकून मी वळून बघितलं. एखाद्या किड्याचं नाव लावायचं म्हणून माणूस इतकं घाबरत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. जेवणाच्या टेबलावर लिंबाच्या लोणच्याची बरणी, औषधांचा डबा आणि त्या दोघांच्या मध्ये मायक्रोस्कोप.

"सेक्रेटरींनी स्वतः बघावं," त्या म्हणाल्या. "म्हणजे नंतर बाईंनी काहीतरी ठोकून दिलं, असं कुणाला म्हणायला नको."

मला ते रास्त वाटलं. त्यांनी फ्रिजमधून, दह्याच्या भांड्यामागून, एक काचेची नळी काढली. भुंगेरे गारठवून ठेवले की पळत नाहीत. एक भुंगेरा ब्रशच्या टोकाने बशीत काढायचा, काचेखाली ठेवायचा आणि तो भानावर यायच्या आत बघून घ्यायचा, अशी रीत. बघायचं मी. मॅडम शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि तोंडी परीक्षा घ्यायच्या.

"अंगावर केस आहेत?"

"आहेतसे वाटतात."

"वाटतात?"

"आहेत."

"मिशा टोकाला जाड होतात? एकदम, की हळूहळू?"

"हळूहळू."

माझ्या 'हळूहळू' ह्या शब्दाने कुणाला एवढा आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "आता पाऊल बघा. पायाच्या टोकाला बारीक मण्यांची ओळ दिसेल. ते सांधे. मोजा. पाच आले तर अध्यक्ष जिंकले, कारण आपल्याकडे लाकूड पोखरणारे असतात त्यांचे पाच. चार आले तर आपण जिंकलो."

"आणि तीन आले तर?"

"तर तुम्ही चुकलात."

पहिल्या दिवशी पुढच्या पायाला चार आले. मॅडमनी चहा टाकला. पण एका दिवसाच्या बघण्यावर बोलायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. तीन.

"पुन्हा मोजा."

पुन्हा तीन. मागच्या पायांना मात्र चार. मी डोळे चोळले, चष्मा काढला, घातला. भुंगेरा तोवर ऊब येऊन लोणच्याच्या बरणीकडे निघाला होता. तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी आधी चार आणि मग तीन. आयुष्य हिशेबात गेलं आणि मला चारापर्यंत मोजता येईना. कंपनीत बसल्या-बसल्या मी बोटांची पेरं मोजून बघायला लागलो. बायको म्हणाली, "जप चालू केलात का?"

मॅडम माझ्यावर चिडत नव्हत्या, आणि त्याने मी जास्तच गोंधळत होतो. एरवी एवढ्या चुकांवर त्यांनी मला सोलून काढलं असतं. आता नुसत्या "बघितलंत, की वाटलं?" विचारायच्या, तेही हळू आवाजात. मी "बघितलं" म्हणायचो आणि तो शब्द तोंडातून निघेपर्यंत माझंच मन डळमळायचं.

त्याच दिवसांत त्यांच्या काही गोष्टी मला खटकायला लागल्या होत्या. चहा ओतताना त्या कपाच्या कडेवर आतून बोट ठेवायच्या. रोजचा पेपर दाराशी तसाच पडलेला असायचा. विचारलं तर "असतं काय हल्ली पेपरात" म्हणायच्या. आणि माझ्याशी बोलताना त्या माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या उजव्या कानाकडे बघायच्या. वयाबरोबर जरा शिष्टपणा आला असावा, असा मी अर्थ लावला. दुसरा कुठला अर्थ मला सुचला नाही.

दसरा झाला. पार्किंगमध्ये अध्यक्ष भेटले. "काय सेक्रेटरी, तुमच्या किड्याला पाय किती त्ये तरी ठरलं का?" मी हसून वेळ मारून नेली आणि तसाच मॅडमकडे गेलो. म्हणालो, मॅडम, मला हे जमत नाही. तुम्हीच एकदा डोळा लावा ना. तुम्हाला एका नजरेत कळेल.

त्यांनी फ्रिजमधून नळी काढली. मग अचानक त्यांनी विचारलं, "रोज जो बघत होतात, तो एकच भुंगेरा होता का?"

"नळीतला हाताला येईल तो घेत होतो. सगळे सारखेच तर दिसतात."

"दिसतात," मॅडम म्हणाल्या. "सगळे काढा. एकेक बघा. मोजलेला वेगळ्या बशीत ठेवा."

बशा मांडल्या. एक चारचा, एक तीनचा. पुन्हा तीनचा. मग दोन चारचे. मागचे पाय सगळ्यांचे चार. मी आकडे सांगत होतो आणि मॅडमच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"अहो, नर आणि मादी," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यात नराच्या पुढच्या पावलाला एक सांधा कमी असतो. वाचलं होतं मी हे, कधीतरी शिकवलंही असेल. तुम्ही रोज बरोबर मोजत होतात. चूक माझी झाली. मला वाटलं तुम्ही चुकताय."

"मलाही तेच वाटलं."

"मी स्वतः बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी..." एवढं बोलून त्या थांबल्या. टेबलावरच्या बशीची कड बोटाने चाचपत राहिल्या. मग त्यांनी रोजच्याच आवाजात सांगितलं, "मला मधलं दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, दोन्हीकडे. कडेकडेचं दिसतं. तुम्ही आलात हे दिसतं. तुमचा चेहरा दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं."

टेकडी का सुटली, पेपर दारात का पडतो, माझा कान का बघितला जातो, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन पडलं, छत्रीत पडावं तसं. ह्या बाईने जन्मभर माणसांना 'बघितलंत का' विचारलं, आणि आता तिलाच बघता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी बशा उचलायला लागलो.

"त्या तशाच राहू देत," त्या म्हणाल्या. "मिसळाल पुन्हा."

सभा पार्किंगमध्येच होती, खोडाच्या समोर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे भुंगेरे बुरशी खातात. लाकूड खात नाहीत, कपाटं खात नाहीत. बुरशी संपली की आपणहून जातील. कुळ कळलंय, नेमकी जात कळलेली नाही.

"म्हंजी नाव न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

"कुळाचं नाव आहे. लॅटिन आहे, हवं तर सांगते."

"नको." मग त्यांनी सरळ विचारलं. त्यात कावा नव्हता, माणूस सरळच होता. "म्याडम, तुम्ही सोता बघितलं ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिथे कुणालाही संशय यायचं कारण नव्हतं, आणि मी तर मान डोलवायला तयारच बसलो होतो.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला तेवढं बारीक आता दिसत नाही. ह्यांनी बघितलं." आणि त्यांनी हात लांब करून माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

सगळे त्या खुर्चीकडे बघायला लागले. मी उठलो आणि त्या खुर्चीत जाऊन बसलो. तेवढंच मला सुचलं.

"मी बघितलं," मी म्हणालो. "पुढच्या पायाला मादीचे चार सांधे, नराचे तीन. पाच कुणाचेच नाहीत." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. खरंच बघितलं होतं का? चार होते ना? मी बसल्या जागी पुन्हा मोजायला लागलो, आणि बोटं मुडपून मांडीखाली घातली.

दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कपाटाचा विषय काढायला तोंड उघडलं, पण अध्यक्षांनी हातानेच थांबवलं. ते उठून खोडापाशी गेले, बुरशीच्या एका कानावर अंगठा फिरवला.

"नर-मादी हायेत म्हंजी पोरंबाळं बी आसतील," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या मग. आज्याच्या झाडात कुणीतरी ऱ्हातंय."

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी येऊन मॅडमना नाशिकला घेऊन गेली. एकट्या राहण्यासारखी नजर उरली नव्हती. मायक्रोस्कोप एका कॉलेजला दिला. छत्री, लाटणं आणि एक भिंग माझ्या हातात ठेवलं. लाटणं कशाला, तिकडे पोळ्या लाटायला लागेल की, मी म्हणालो. "ह्या लाटण्याच्या पोळ्या तुम्ही खाल्ल्या नाहीत, नशीबवान आहात," त्या म्हणाल्या आणि माझ्या कानाकडे बघून हसल्या.

रविवारी त्यांचा फोन यायचा. मी खोडाची खबर द्यायचो. एकदा सांगितलं, ह्या वर्षी ठिपक्यांचा एक नवाच भुंगेरा आलाय.

"बघितलंत, की वाटलं?"

मी विचार केला. "वाटलं," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "आता जमायला लागलं तुम्हाला."

माझं त्यांच्याशी तेच शेवटचं बोलणं. पुढच्या रविवारी फोन मुलीचा आला. झोपेतच गेल्या म्हणाली. मी फोन ठेवला आणि खाली गेलो. तळमजल्यावर आता आयटीतली तीन मुलं भाड्याने राहतात, त्यांचं दार उघडं होतं. मी त्या दारासमोर उगाच उभा राहिलो. आत कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मॅडम ह्या घरात आता नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं. मग आज नव्याने काय गेलं, ते मला कळेना.

खोड अजून आहे. ह्या पावसाळ्यात ते एका अंगाने बसलं, पण बुरशीचे कान पुन्हा फुटले. परवा सकाळी छत्री उताणी धरून मी लाटण्याने टकटक केली. वॉचमन बघत होता. अध्यक्ष मोटारसायकल काढता काढता थांबले.

छत्रीत भुसा पडला, एक कोळी पडला आणि भुंगेरे पडले. भिंग खिशात होतं, पण मी ते काढलं नाही. पावलांचे सांधे मोजले असते तर पुन्हा तीन की चार त्यात अडकलो असतो, आणि विचारायला कुणी नव्हतं. मी छत्री खोडाला टेकवली आणि भुंगेरे खोडावर चढून जाईपर्यंत धरून ठेवली.

दोन होते. एवढं मी बघितलं.